एकुलता एक डोळा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल मला ज्याने त्याने एकच सांगितलं. काही नाही गं, डोळ्यात थेंब टाकतात, गप पडून राहायचं, तेवढ्यात झालंसुद्धा. खालच्या मजल्यावरच्या काकू तर ऑपरेशन करून घरी येताना वाटेत उतरून मेथीची जुडी घेऊन आल्या, तेही पुन्हा पुन्हा सांगून झालं. मी प्रत्येकीला म्हणायचे, तुला दोन आहेत बाई, एक बिघडला तर दुसऱ्याने मेथी निवडशील. माझं काय? माझा एकुलता एक आहे.

लहानपणी गावी भात झोडताना डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. कोणीतरी शहाण्याने पाला चुरून त्याचा रस घातला आणि डोळा कायमचा गेला. डाव्याला उजेडसुद्धा कळत नाही. बुबुळावर पांढरा डाग आहे, तो लग्नाच्या फोटोत दिसू नये म्हणून फोटोवाल्याने मला सगळीकडे तिरकं उभं केलंय. पण सासूबाईंपासून काही लपवलं नव्हतं. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "एका डोळ्यान तांदूळ निवडूक येतत मां?" मी म्हटलं, येतात. "मग झाला," म्हणाल्या. पुढे त्या विषयावर त्यांनी कधी तोंड उघडलं नाही आणि नातेवाइकांत कोणाला उघडूही दिलं नाही.

त्या एका डोळ्यावर मी सगळा संसार केला. घाटकोपरला आलो तेव्हापासून घरीच साड्यांना फॉल-पिको करून देते. आमच्या बिल्डिंगीतल्या, मागच्या चाळीतल्या, शाळेतल्या बाया, सगळ्यांच्या साड्या माझ्याकडे. तर दोन वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने साडी परत आणली. हिरव्या साडीला मी निळा फॉल लावला होता. मी तिच्याशी तावातावाने भांडले, म्हटलं हा हिरवाच आहे. तिने साडी खिडकीत धरली. मला तरीही हिरवाच दिसला. शेवटी नवऱ्याने पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अगं, निळा आहे." मग मी मुकाट फॉल उसवायला बसले.

डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय. थांबलात तर आणखी कडक होईल, मग काढायला त्रास. मी म्हटलं, एकच आहे हो. ते म्हणाले, "म्हणून तर थांबायचं नाही." बोलायला काय जातं! मी विचारलं, बिघडू शकतो का? ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, क्वचित, जंतू गेले तर. क्वचित म्हणजे कोणाला, हे कोण सांगणार? ज्याचा जातो त्याचा जातोच ना पूर्ण. मी घरी आले आणि टाळाटाळ करत बसले. आधी गणपती होऊ दे, मग दिवाळी होऊ दे, मग लग्नसराईच्या साड्या होऊ दे. सुईत दोरा नवरा ओवून द्यायचा आणि मी अंदाजाने टाके घालायचे. शेवटी सासूबाईच एक दिवस कडाडल्या. "किती दिवस घाबरतलंस? जा आणि करून ये!" म्हाताऱ्या माणसाला उलट कसं बोलायचं म्हणून मी गेले आणि तारीख घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने फोनवर सगळं बजावलं. थेंब वेळेवर घाला. डोक्यावरून अंघोळ आजच करून घ्या, नंतर बरेच दिवस डोक्यावर पाणी घेता येणार नाही. काजळ नको, पावडर नको, कुंकू नको, टिकलीही नको. बांगड्या-मंगळसूत्र घरी ठेवा. पोट रिकामं ठेवू नका, हलकं खाऊन या, नेहमीची बीपीची गोळी घ्या. सोबत एक माणूस आणा. एवढं सगळं तिने सांगितलं, पण निघण्याआधी दृष्ट काढू नका, हे काही सांगितलं नाही. सांगणार तरी कशी, तिला काय माहीत आमच्या घरात कोण आहे ते!

सकाळी मी उपमा खाऊन, मोकळ्या कपाळाने तयार झाले, तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. "गो, हयसर बस." स्वयंपाकघरात पाट मांडला होता. मूठभर मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. आमच्याकडे परीक्षा असो, बाळंतपण असो, नवी नोकरी असो, दृष्ट काढल्याशिवाय माणूस उंबरा ओलांडत नाही. आणि ती सासूबाईंनीच काढायची, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. माझ्यावरून ओवाळून त्यांनी ते सगळं गॅसवरच्या तापलेल्या तव्यावर टाकलं. एरवी त्या दोन-तीन बेडगी घेतात. रंगाला मस्त, तिखटाला बेताची. त्या दिवशी तव्यावर पडल्या त्या मूठभर लवंगी.

अरे देवा! धुराचा असा लोट उठला की काही विचारू नका. नवरा खोकत खोकत गॅलरीत पळाला. शेजारणीने दार आपटून लावलं. मला श्वास घेता येईना आणि ज्या डोळ्यात चार दिवस मोजूनमापून औषध घातलं होतं, त्यातून घळाघळा पाणी वाहायला लागलं. डोळा झोंबतोय, चोळायचा तर नाही! मी ओरडले, "आई, काय केलंत हे! आजच्या दिवशी लवंगी?" इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. त्या मात्र पाटाजवळ तशाच उभ्या. एवढंच म्हणाल्या, "बेडगीच घेतलली मिया." मला आणखीनच राग आला. चूक झाली तर झाली म्हणा ना! नवऱ्याने तवा बाहेर नेऊन ठेवला, पंखा लावला आणि मला दंडाला धरून खाली उतरवलं. मी सासूबाईंच्या पाया न पडता निघाले.

रिक्षात मी रडत होते की मिरचीने पाणी येत होतं, माझं मलाच कळत नव्हतं. एलबीएस रोडवर नेहमीप्रमाणे खोळंबा. नवरा सारखा म्हणत होता, "होईल गं ठीक." मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, वाट लागली आहे माझी.

मुलुंडच्या त्या दवाखान्यात नर्सने माझा डोळा पाहिला आणि तिचं हसू मावळलं. "इतका लाल कसा? चिपडं येतात का?" मी म्हटलं, मिरची. "डोळ्यात मिरची गेली?" "धूर गेला. दृष्ट काढली." ती फसकन हसली. "आमच्या मम्मीला पण सांगून ठेवते, हे करत जाऊ नको म्हणून." पण हसून झाल्यावर ती आत गेली, ती डॉक्टरांना घेऊनच आली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला यंत्रापुढे बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, जंतूंचं काही दिसत नाही, धुरानेच लाल झालाय. पण दुसरा डोळा चांगला असता तर एक वेळ चाललं असतं. तुमच्या बाबतीत मी घाई करणार नाही. डोळा धुऊ, बसा, बाकीचे पेशंट होऊ देत, शेवटी पुन्हा बघेन. लाली उतरली तर करू, नाहीतर आज घरी.

बसा म्हणजे बसाच. हॉलमध्ये माझ्यासारख्याच बाप्ये-बाया हिरवे गाऊन घालून, डोक्याला टोपी लावून ओळीने बसलेल्या. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या वर कपाळावर पेनाने खूण. नर्स येऊन प्रत्येकाला विचारायची, कुठला डोळा? माझ्याकडे तीनदा आली. तिसऱ्यांदा मी तडकलेच. "अगं, उजवा! डावा कधीच गेलाय, त्याचं तू काय करणार?" ती म्हणाली, "मावशी, विचारावंच लागतं." खरं होतं तिचं. शेजारच्या बाईला मी म्हटलं, चुकून डाव्याचं केलं तर बरंच होईल, निदान काही बिघडणार तरी नाही. ती हसली, मी हसले नाही. एकेक जण आत जायचा आणि पट्टी लावून बाहेर यायचा, चहा-बिस्कीट खायचा आणि मोकळ्या डोळ्याने बघत घरी जायचा. मला त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या दुसऱ्या डोळ्याचा हेवा वाटला. अगदी मनापासून वाटला, खोटं कशाला सांगू!

शेवटी मी एकटीच उरले. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. "करू या," म्हणाले. तेव्हा मात्र मला वाटलं, नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

बाहुली मोठी होण्याचे थेंब घातले, मग पुन्हा, मग आणखी पुन्हा. होतं नव्हतं ते दिसणंही फेसाळून गेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू कडक आहे, नुसत्या थेंबांवर करणार नाही, डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देतो, म्हणजे डोळा हलणार नाही. "पण मग उद्या सकाळपर्यंत पट्टी ठेवावी लागेल. तुम्हाला तोवर काहीच दिसणार नाही. घरी कोणी आहे ना?" मी म्हटलं, नवरा आहे, सासू आहे. ते म्हणाले, मग झालं तर.

इंजेक्शन दुखलं. कोणी सांगत असेल दुखत नाही तर तो त्याचा प्रश्न. पण क्षणभरच. आत थिएटरमध्ये थंडी म्हणजे काय थंडी, घोंगडी मागावी अशी. तोंडावर कापड टाकलं, डोळ्यापुरतं भोक, नाकाशी हवेची नळी. एक मोठा उजेड, त्यात रंग इकडून तिकडे सरकतायत आणि डोळ्यावर सारखं पाणी पडतंय. दुखत काही नाही, नुसता दाब. यंत्र घूं घूं करतंय. आधीच बजावलं होतं, डोकं हलवायचं नाही, आणि खोकला किंवा शिंक आली तर तोंडाने सांगायचं, आम्ही थांबू. न सांगता खोकलात तर हत्यार आत असतं.

आणि माझा घसा खवखवायला लागला. सकाळचा धूर, दुसरं काय! मी गिळलं. पुन्हा गिळलं. वाटलं, जाईल. जाईना. छातीतून वर यायला लागला खोकला. मला घाम फुटला, त्या थंडीत. माझा एकुलता एक डोळा उघडा टाकून त्यात माणूस काम करतोय आणि मला खोकला येतोय! मी कसंबसं म्हटलं, "डॉक्टर, खोकला." "एक सेकंद धरा," ते म्हणाले, "धरा, धरा... हं, काढलं. आता खोका." मी खोकले. कापडाखाली पोटभर खोकले, तोंडावर सगळं पाणी पाणी. कोणीतरी माझा हात धरून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, "झालं? छान सांगितलंत. आता पुढे." एवढ्या शांतपणे, जशी काही दोरा संपला म्हणून मशीन थांबवली होती. त्यानंतर काय झालं ते मला आठवत नाही. मी नुसती पुन्हा खोकला येऊ नये म्हणून जिभेखाली थुंकी धरून पडले होते.

"भिंग बसलं," असं ऐकू आलं आणि डोळ्यावर कापूस आला, पट्टी आली, वर प्लास्टिकची वाटी चिकटवली. आणि काळोख.

नवऱ्याने मला खाली आणलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्याने माझा हात कधी धरला नव्हता. त्या दिवशी धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. "पायरी आहे. आता सपाट. आता रिक्षा, डोकं वाकव." हातात हात घालून हिंडायची हौस म्हातारपणी फिटली, असं मी म्हटलं तर त्याने हात आणखी घट्ट धरला. तोही घाबरलेला होता, मला कळत होतं. मला त्याला विचारायचं होतं, उद्या पट्टी काढल्यावर असाच काळोख असला तर काय करायचं? विचारलं नाही.

घरी पलंगावर बसवलं. सासूबाई येऊन शेजारी बसल्या, ते त्यांच्या तंबाखूच्या मशेरीच्या वासावरून समजलं. सकाळचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्यांनी मला मऊ भात आणि बांगड्याची कढी कालवून घास भरवले, एकेक करून, बोटांनी चाचपून काटे काढत. मी म्हटलं, यांना भरवू दे. "त्येका काटे खंय कळतत!" म्हणाल्या. चौथ्या की पाचव्या घासाला माझ्या दाताखाली काटा आला. मी थुंकून म्हटलं, "आई, काटा राहिला हो." सासूबाईंच्या हातचा काटा राहतो? पुढचे घास फार हळू येत गेले. मला वाटलं, वय झालं त्यांचं. मी त्या दिवशी माझ्याच डोळ्याचा विचार करत होते, दुसऱ्या कोणाचा नाही.

सकाळी पुन्हा मुलुंड. नर्सने वाटी काढली, पट्टी सोडली, पापण्या ओल्या कापसाने पुसल्या. "उघडा." मी उघडेना. माझ्याच्याने उघडवेना. डॉक्टर म्हणाले, "आजी, उघडा हो." हा मला आजी म्हणतोय? म्हणून उघडला. समोर एक कोवळा पोरगा उभा, गालावर मुरुमाची पुटकुळी. मी म्हटलं, "डॉक्टर कुठायत?" तो म्हणाला, "मीच." अहो, हे आधी दिसलं असतं तर मी टेबलावर चढले नसते! मी त्याच्या दोन्ही हातांना हात लावून नमस्कार केला. मग तक्त्यावरची अक्षरं वाचली, वरून खालपर्यंत, शेवटच्या बारीक ओळीत अडखळले. भिंत पांढरी होती. मला वाटलं होतं की ती पिवळट आहे. नर्सचा ड्रेस निळा होता आणि तो मला निळाच दिसला. काळा चष्मा घालून मी रस्त्यावर आले आणि नवऱ्याला म्हटलं, तुमच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं आहे, कोणी लावलं? "तूच," म्हणाला. आम्ही रिक्षात हसत बसलो. सगळा जीव हलका हलका झाला होता.

दार सासूबाईंनी उघडलं. मी चष्मा काढला. त्यांना माझा डोळा दाखवायचा होता आणि काल निघताना पाया पडायचं राहिलं होतं, तेही करायचं होतं. "दिसता मां गो?" त्यांनी विचारलं. विचारलं मला, पण बघत होत्या माझ्या कानाकडे.

मी जवळ जाऊन त्यांची हनुवटी धरली आणि तोंड जिन्याच्या खिडकीकडे वळवलं. दोन्ही बुबुळं तांदळाच्या धुवणासारखी. दोन्ही. असं एका दिवसात होत नाही. माझा डोळा धुरकट होता तेवढा काळ मी या बाईच्या समोर वावरत होते आणि मला कधी दिसलं नाही. नवऱ्याला म्हटलं, अहो, तुम्ही तरी? तो म्हणाला, "आईच्या डोळ्यात कोण बघतं?" आणि तिथेच भिंतीला टेकला.

"आई, कधीपासून?" मी विचारलं. "सांगितलं का नाही?"

त्यांनी माझा हात झटकला. "कित्याक सांगू? माझे गेले तर तू आसस. तुझो एकच. तो गेलो तर हयसर बघतला कोण? आधी तुझो होवंदे म्हटला."

मी उंबऱ्यातच उभी राहिले, हातात काळा चष्मा, आणि नव्या डोळ्यातून पाणी खाली यायला लागलं. डाव्यातूनही आलं, त्याला तेवढंच येतं.

"रडतंस की काय गो?" सासूबाईंनी विचारलं.

मी आवाज सांभाळून म्हटलं, "नाही हो आई." आणि त्यांना ते खरं वाटलं.